एरँगेलमध्ये मरण पळताना येतं: बीजीएमआयमध्ये टिकून राहायचं कसं

मागच्या पावसाळ्यात मी एक वही घातली. बीजीएमआयचा (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा शेवटपर्यंत टिकून राहायचा गोळीबाराचा खेळ) सामना संपला की त्यात एकच ओळ लिहायची: कुठे मेलो, कसा मेलो. महिनाभराने वही चाळली, तर समोरासमोरच्या गोळीबारात हरल्याच्या ओळी अगदी मोजक्या निघाल्या. बाकी पानांवर तेच ते, एरँगेल या नकाशावरच्या गावांची नावं तेवढी वेगळी. ‘रोझोकहून निघालो, उजवीकडून कोणीतरी.’ ‘पोचिंकीबाहेरच्या शेतात, मारणारा दिसलाच नाही.’ ‘मागे झोन (बाहेर राहिलेल्याला मारत आत आत सरकणारं निळं वर्तुळ), पुढे टेकडीवर माणूस.’ मी तासन्‌तास ट्रेनिंग ग्राउंडवर नेम घोटत होतो आणि मरत होतो ते चालण्यापायी.

यामागे एक साधं कारण आहे. आपल्यातले बहुतेक जण टीपीपी खेळतात, म्हणजे कॅमेरा आपल्या खेळाडूच्या पाठीमागे असतो, जरासा उजव्या खांद्यावर. झाडामागे उभा राहिलेला माणूस स्वतः तसूभरही बाहेर न येता समोरचं अख्खं शेत बघू शकतो. शेतातून धावणाऱ्याला मात्र फक्त झाड दिसतं. या खेळाने थांबलेल्याच्या पदरात आयताच टाकलेला हा फायदा आहे. तो घ्यायचा तर जागेवर दुसऱ्यांच्या आधी पोचायला हवं. उशिरा निघालेल्याला पळावंच लागतं, आणि पळणाऱ्याला सगळे बघतात.

पुढचं सगळं एरँगेल, टीपीपी, चार जणांचा स्क्वॉड आणि साधा क्लासिक सामना धरून लिहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं, तरी आमच्याकडे रात्री नऊला ‘चला रे, पब्जी’ असाच मेसेज पडतो. नकाशा तोच, मरण्याच्या जागाही त्याच.

सामन्याआधीची पाच मिनिटं

फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. शेवटच्या झोनमध्ये सहा जण उरलेले असताना मावशीचा व्हॉट्सॲप कॉल आला की काय होतं, ते मी भोगलंय. स्क्रीनभर मावशीचा डीपी, आणि मागे गोळ्यांचा आवाज.

ग्राफिक्स ‘स्मूथ’ ठेवा आणि फ्रेम रेट तुमचा फोन अर्धा तास तग धरेल इतकाच. क्लासिक सामना साधारण तेवढा चालतो आणि फोन तापतो शेवटी, नेमका हवा तेव्हा. फोन कव्हर काढून खेळा, चार्जिंगला लावून खेळू नका. सावल्या बंद. इअरफोन वायरचे, कारण साध्या ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि पावलांच्या आवाजात तो किंचितच जीव घेतो. सेटिंगमध्ये ‘पीक अँड फायर’ चालू करा, त्याचं काम पुढे येईल. जायरोस्कोपची, म्हणजे फोन हलवून नेम धरायची, सवय करायला दोन आठवडे जातात आणि त्या दोन आठवड्यांत तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळता. करायची असेल तर रँक ढकलायच्या काळात करू नका.

उडी

सगळे एकाच विमानातून उतरतात. नकाशावर त्या विमानाची रेघ दिसली की आधी बघा, ती कुठल्या गजबजलेल्या जागांवरून जाते. पोचिंकी, स्कूल, मिलिटरी बेस, जॉर्जोपोल या रेघेखाली आल्या तर निम्मं विमान तिथेच रिकामं होतं. तिथे उतरण्यात मजा आहे हे खोटं नाही, पण तो वेगळा खेळ आहे. जगायचं असेल तर रेघेपासून दीड-दोन किलोमीटर आडबाजूला, चार-सहा घरांची आणि रस्त्याला लागून असलेली वस्ती धरा. रेघ रोझोक, स्कूल, पोचिंकी अशी उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेचं गटका बरं पडतं. रस्ता हवा, कारण गाड्या बहुधा रस्त्याकडेलाच मिळतात.

जागा अगदी रेघेखालची असेल तर नकाशावर टाकलेल्या खुणेपासूनचं अंतर साडेसातशे मीटरच्या आसपास आलं की उडी घ्या आणि नाक खाली करून सरळ बुडी मारा, वेग ताशी २३४ किलोमीटरपर्यंत जातो. लांबची असेल तर आडवं होऊन तरंगत जावं लागतं आणि वेळ जातो. तो वाया घालवू नका. डोळ्याचं बटण धरून मान फिरवा आणि पॅराशूट मोजा. कोणत्या घरावर किती उतरले, कोण नदीपलीकडे गेला? ही माहिती अख्ख्या सामन्यात पुन्हा फुकट मिळत नाही. आमच्यात एकाचं काम एवढंच असतं: खाली येताना मोठ्याने आकडा सांगायचा.

तुमच्याच घराच्या छपरावर आणखी कोणी उतरला आणि बंदूक आधी त्याच्या हाती लागली, तर गुद्दागुद्दी करत बसू नका. खिडकीतून उडी मारून पुढचं घर गाठा. त्यात लाज कसली?

लूट: किती, काय आणि कधी थांबायचं

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. दोन बंदुका, त्यातली एक एम४१६ किंवा स्कार-एल. एकेएम जोरदार आहे पण लांबवर स्प्रे (सलग गोळ्यांचा मारा) सांभाळणं नवख्याच्या हाताचं काम नाही. आधीच्या दोघींना लागणाऱ्या ५.५६ च्या दीडशे ते दोनशे गोळ्या पुरतात. चारशे घेऊन फिरणाऱ्याच्या पिशवीत स्मोकला (धुराच्या ग्रेनेडला) जागा उरत नाही, आणि आपल्याला हवेत ते स्मोक. माणशी तीन तरी.

हेल्मेटचं गणित पाठ असू द्या. लेव्हल १, २, ३ अनुक्रमे ३०, ४० आणि ५५ टक्के मार अडवतात. कार९८ या स्नायपर बंदुकीची गोळी डोक्यात बसली तर लेव्हल २ तुम्हाला वाचवत नाही, धड असलेलं लेव्हल ३ वाचवतं. ड्रॉपमधल्या, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीतल्या, एडब्ल्यूएम बंदुकीपुढे दोन्ही सारखीच. म्हणून लेव्हल ३ डोक्यावर नसेल तर लांबच्या स्नायपरशी ‘बघू तरी’ म्हणत डोकं बाहेर काढू नका.

औषधांत नवखे हमखास चुकतात. शंभरापैकी उरलेला जीव बँडेज १० ने वाढवतं. फर्स्ट एड किट एका दमात वर नेतं. पण दोन्ही ७५ च्या पुढे जात नाहीत. पुढचं एनर्जी ड्रिंक (४०) आणि पेनकिलर (६०) यांच्या बूस्टने हळूहळू भरतं आणि बूस्ट चढलेला असताना पायही जरा जास्त चालतात. त्यामुळे क्रम असा: आधी फर्स्ट एड, मग ड्रिंक. आणि खोलगट माळ ओलांडायच्या आधी, अंगाला खरचटलेलं नसलं तरी, पेनकिलर. फुकट गेली असं वाटतं, पण त्या वाढलेल्या वेगानेच आपण पुढच्या दगडापर्यंत पोचतो.

दारांकडे लक्ष ठेवा. सामना सुरू होताना सगळी दारं बंद असतात. उघडं दार दिसलं की कोणीतरी येऊन गेलंय किंवा अजून आतच आहे. तुम्ही आत शिरल्यावर दार ओढून घ्या. बाहेरच्याला घर अस्पर्श वाटतं आणि तो बेफिकीर शिरतो.

पाच-सहा मिनिटांनी हात आवरा. ‘ते एक घर राहिलंय’ म्हणणारा प्रत्येक स्क्वॉडमध्ये असतो. आमच्यातला पक्या आठपट स्कोपसाठी एकदा इतका थांबला की आम्ही तिघे त्याची वाट बघत निळ्यात होरपळलो आणि तो स्कोप लावून मेला. स्कोप लावलेला होता हे तो अजून अभिमानाने सांगतो.

झोनचं घड्याळ

नकाशा मोठा करा. एरँगेल ८ बाय ८ किलोमीटर आहे. मोठा चौकोन एक किलोमीटरचा, आतला छोटा शंभर मीटरचा. बंदूक पाठीला अडकवून सपाटीवर धावणारा माणूस सेकंदाला सहा मीटरच्या थोडं वर जातो, म्हणजे एका मोठ्या चौकोनाला पावणेतीन मिनिटं. टेकडी लागली, वळसा पडला की तीन-साडेतीन धरा. ही एक गुणाकाराची ओळ ज्याला येते तो निळ्यात मरत नाही.

पहिल्या दोन झोनचा मार सोसण्याजोगा असतो. फर्स्ट एड खिशात असतील तर लूट पुरी करून, थोडं निळं अंगावर घेऊनही निघता येतं. चौथ्या-पाचव्यापासून ते विसरा. तिथे किट संपायच्या आत माणूस संपतो.

पुढच्या सुरक्षित जागेचं नवीन पांढरं वर्तुळ दिसलं की सगळ्यांनी एक प्रश्न विचारायचा: आत्ता निघालो तर कोणती जागा रिकामी मिळेल? वर्तुळाचा अगदी मध्य धरून बसलं तर चहूबाजूंनी लोक येतात. काठ धरला तर पाठ निळ्या भिंतीकडे राहते, पण मागून उशिरा धावत येणारे येतात आणि पुढचं वर्तुळ उलट बाजूला गेलं तर पुन्हा लांबची पायपीट. एकटा खेळत असेन तर मी काठ धरतो. चौघे असू तर लवकर आत शिरून कुंपणाची दोन घरं ताब्यात घेतो आणि आपसांत चार दिशा वाटून घेतो. दोन्ही पद्धतींचे कट्टर भक्त आहेत, वाद संपणारा नाही.

एक गोष्ट मात्र वादाच्या पलीकडची. दक्षिणेच्या मिलिटरी बेसच्या बेटावर वर्तुळ सरकलं आणि तुम्ही उत्तरेकडच्या मोठ्या जमिनीवर असाल, तर लूट आहे तशी टाकून निघा. बेटाला जोडणारे पूल दोनच. पंधरा मिनिटांनी त्यांच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या गाड्या आणि त्यांच्यामागे माणसं असतात. उशीर झालाच तर पुलाचा नाद सोडून किनाऱ्यावर बोट शोधा, नाहीतर पोहत जा.

चालायचं कसं

नकाशावर खूण टाकून सरळ रेषेत धावायचं ही सवय मोडा. वाट तुकड्यांत पाडा: हे झाड, तो दगड, मग ते कुंपण, मग घर. पुढचा आडोसा नक्की केल्याशिवाय आत्ताचा सोडायचा नाही. दोन आडोशांमध्ये एका छोट्या चौकोनाहून जास्त उघडं मैदान असेल तर वळसा घ्या किंवा स्मोक टाका.

टेकडीच्या धारेवरून कधीही चालू नका. मागे आभाळ असलं की काळा ठिपका लांबवरच्या स्कोपमध्येही उठून दिसतो. धारेच्या अलीकडच्या उतारावरून, पाच-सात मीटर खालून चाला. पलीकडे बघायचंच असेल तर जागच्या जागी थांबून, फक्त कॅमेरा वर येईल इतकंच सरका. टीपीपीची मेहेरबानी.

आता गवत. ही गोष्ट मला वर्षभर कळली नव्हती. तुम्ही गवतात पालथे पडता, तुमच्या स्क्रीनवर सगळीकडे पाती हलतात, आपण गुडुप झालो असं वाटतं. पण लांबून बघणाऱ्याच्या फोनवर ते गवत काढलेलंच नसतं. त्याला दिसतो सपाट हिरवा उतार आणि त्यावर वाळत घातलेल्या पापडासारखा पसरलेला माणूस. गवत फक्त जवळच्यापासून लपवतं. लांबच्यापासून लपायला झाड, दगड, खड्डा किंवा भिंतच लागते.

आणि गोळी लागली की झोपू नका. हात आपोआप पालथं पडायच्या बटणाकडे जातो, पण पालथा माणूस म्हणजे न हलणारं लक्ष्य. वाकडंतिकडं धावत आडोसा गाठा. तो नसेल तर स्मोक पायाशी टाकून धुरात दोन पावलं बाजूला व्हा, कारण समोरचा धुराच्या मधोमध गोळ्या ओततो.

आडोशालाही डावं-उजवं असतं. कॅमेरा उजव्या खांद्यावर आहे, म्हणून झाडाच्या उजव्या कडेने डोकावलं तर अंग कमी दिसतं आणि नजर जास्त जाते. डाव्या कडेने तेच करायला निम्मं धड बाहेर येतं. दोन झाडांत निवड असेल तर ज्याच्या उजवीकडून शत्रूची दिशा दिसते ते झाड घ्या. ‘पीक अँड फायर’ (आडोशामागून बाजूला झुकून डोकवायची सोय) चालू करायला सांगितलं ते यासाठी.

गाडी पहिल्या तीन झोनपर्यंत देवासारखी, नंतर दवंडी. डासिया असो की यूएझी, इंजिनाचा आवाज ऐकून आजूबाजूचे तीन स्क्वॉड तयार होऊन बसतात. मुक्कामापासून थोडं अलीकडे, उतारामागे थांबवा. उघड्या माळावर टायर फुटलेच तर गाडी शत्रूला आडवी करून तिच्यामागे बसा, पण धूर निघायला लागला की तिथून निघा, ती फुटते.

कान

मिनी-मॅपवर पावलांच्या आणि गोळीच्या खुणा उमटतात, पण खुणा दिसतात म्हणून कान बंद करू नका. लाकडी जिन्यावरचं पाऊल आणि अंगणातलं पाऊल वेगळं वाजतं. त्यावरून माणूस वर आहे की बाहेर ते कळतं. अनोळखी घरात शिरण्यापूर्वी दाराबाहेर हलू नका आणि मनात दहा मोजा. वर दबा धरून बसलेला माणूसही किती वेळ गप्प बसेल? तो बंदूक बदलतो, कड पालटतो, आणि तुम्हाला ऐकू येतो.

याच कारणासाठी मित्रांना गप्प करायला शिका. आमच्या व्हॉइस चॅटवर पहिलं वर्षभर हेच चालायचं: ‘इकडे आहे, इकडे आहे!’ ‘इकडे म्हणजे कुठे?’ ‘अरे इकडे, माझ्या पुढे!’ आता नियम असा: आधी होकायंत्राचा आकडा, मग वस्तू, मग अंतर. ‘दोनशे चाळीस, लाल छपराचं घर, वरची खिडकी, दीडशे मीटर.’ एवढं बोलून गप्प.

गोळी झाडावी की नाही

समोर कोणी दिसला की बोट शिवशिवतं. त्याआधी तीन गोष्टी बघा. त्याला मी दिसलोय का? मी झाडली आणि तो वाचला तर माझ्याजवळ पक्का आडोसा आहे का? आणि आवाज ऐकून तिसरा स्क्वॉड आला तर तो कुठून येईल? तिसऱ्याचं उत्तर माहीत नसेल तर जाऊ द्या त्याला. तो पुढे जाऊन दुसऱ्या कोणाला तरी भिडेल आणि तुम्हाला त्यांची जागा कळेल.

हा भित्रेपणा वाटत असेल तर मोठ्या स्पर्धांचं गुणकोष्टक बघा. सोळा स्क्वॉड उतरतात. पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ६ आणि एका किलला १. म्हणजे दुसऱ्यावरून पहिल्यावर जाणं हे चार माणसं मारण्याइतकं मोलाचं. आपल्या रँकच्या सामन्यातही टिकलेला वेळ आणि क्रमांक यांना वजन असतं.

मारलंच कोणाला, तर त्याच्या क्रेटवर, म्हणजे मागे उरलेल्या सामानाच्या पेटीवर, लगेच तुटून पडू नका. अर्धं मिनिट थांबा, बंदूक पुन्हा भरा, ऐका. मग क्रेटवर स्मोक टाकून, आधीच ठरवलेल्या दोन-तीन वस्तू उचला आणि सरका. क्रेट उघडून ‘याच्याकडे सहापट स्कोप होता का’ बघत बसलेला माणूस माझं आवडतं लक्ष्य आहे. ड्रॉपच्या लाल धुराबद्दल तेच. चौघेही सुस्थितीत असल्याशिवाय मी तिकडे फिरकत नाही.

मित्र नॉक झाल्यावर

अख्खा स्क्वॉड बहुधा इथेच संपतो. एक रस्त्यात नॉक होऊन पडतो (मेलेला नसतो, मित्राने वेळेत उचललं तर वाचतो), ‘उचल, उचल’ ओरडतो, दुसरा धावतो आणि त्याच जागी पडतो, तिसरा दोघांसाठी धावतो. स्नायपर जागचा हललेलाही नसतो.

क्रम बदला. पडलेल्याने आधी ओरडणं थांबवून सरपटत आडोशाकडे निघायचं आणि गोळी कुठून आली तो आकडा सांगायचा, कारण ते त्यालाच माहीत आहे. दुसऱ्याने स्मोक टाकायचा तो मित्राच्या डोक्यावर नाही, मित्र आणि मारणारा यांच्या मधल्या रेषेत, जमलं तर मारणाऱ्याच्या जवळ. मित्रावर टाकलेला धूर म्हणजे ‘आम्ही इथे आहोत’ अशी पाटी. धूर नीट फुलेपर्यंत दमानं घ्यायचं. उचलायला दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ दोघेही खिळलेले असतात. बाकीच्यांनी त्या आकड्यावर गोळ्या चालू ठेवायच्या, लागो न लागो, समोरच्याचं डोकं आत राहिलं पाहिजे. दुसऱ्यांदा नॉक झालेल्याचं रक्त आधीपेक्षा लवकर संपतं, तेव्हा घाईने उचलून लगेच पुन्हा पाडून घेण्यापेक्षा एक दगड मागे नेऊन उचलणं परवडतं.

आणि कधीकधी उचलायचं नसतं. झोन आत येतोय, मित्र पन्नास मीटर उघड्यावर आहे, स्मोक संपलेत. त्याने स्वतःहून ‘जा तुम्ही’ म्हणावं अशी मैत्री असेल तर बरं.

शेवटचे झोन

डावीकडचा जिवंत माणसांचा आकडा दहाच्या खाली आला की खेळ संथ होतो. आता बघायचं ते माणसं किती नाही, गट किती. नऊ जिवंत आणि तीन दिशांनी आवाज येत असतील तर बहुधा तीन स्क्वॉड आहेत. त्यातले दोन एकमेकांना भिडेपर्यंत तिसऱ्याने, म्हणजे तुम्ही, एकही गोळी झाडायची नाही. त्यांची धुमश्चक्री संपत आली, कोणीतरी कोणाला उचलायला बसला, की तेव्हा.

हलायचं ते वर्तुळ दिसताक्षणी. बहुतेक जण निळं अंगाशी येईपर्यंत थांबतात आणि मग सगळे एकदम उठतात. त्याआधीचे सुरुवातीचे काही सेकंद, सगळे नकाशात डोकं घालून बसलेले असतात तेव्हा, तुमचे.

शेवटी दोघेच उरले की मॅगझिन भरलेली हवीत, बूस्ट चढलेला हवा आणि स्कोप काढून रेड डॉट लावलेला हवा. हे सगळं चौथा माणूस मरायच्या आधी करून ठेवा, कारण नंतर रीलोडचा खटका त्यालाही ऐकू येतो. तो कुठे आहे हे कळत नसेल तर तो असू शकेल अशा एकमेव झाडामागे ग्रेनेड टाका. लागला नाही तरी तो पळेल, आणि पळताना दिसेल.

वहीत गेल्या आठवड्याची शेवटची ओळ अशी आहे: ‘दुसरा नंबर. प्रिमोर्स्कच्या वरचा उतार. डाव्या बाजूने डोकावलो.’